दोरीचं दुसरं टोक

सत्तावीस एप्रिल, शनिवार, सकाळी साडेदहा. रक्कम सातशे अठ्ठेचाळीस डॉलर: बावीस रोपं, प्रत्येकी चौतीस. हजर तिघं: वर्तक काका, त्यांची मुलगी मुग्धा आणि मी. जागा, कॅनबेरातल्या गुंगालिनमधल्या आमच्या दोन घरांच्या मधली अकरा मीटरची रेघ, जिथे तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत पत्र्याचं कुंपण होतं.

ते कुंपण वाऱ्यात पडलं. इथे सामाईक कुंपणाचा खर्च शेजाऱ्यांनी निम्मा-निम्मा करायची रीत आहे, म्हणून मी तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवली आणि तक्ता करून काकांकडे गेले. ते पडलेल्या पत्र्यांपलीकडे खुर्ची टाकून आमच्या बॅकयार्डकडे बघत बसले होते. चेहऱ्यावर असा आनंद, की कुंपण त्यांनीच पाडलं असावं.

"मिसेस साठे," ते म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी लांबचं दिसतंय. आपलं लिंबाचं झाड चांगलं आहे हो."

मला 'मिसेस साठे' म्हणणारा हा जगातला एकमेव मराठी माणूस. मी एका सरकारी खात्यात पगारपत्रकं तपासते. तिथे सगळे मला शुभा म्हणतात. मुग्धाही म्हणते. काकांनी मात्र शेवटपर्यंत 'मिसेस साठे' आणि 'आपण' सोडलं नाही. त्यांचं मराठी पन्नास वर्षांपूर्वीच्या पुण्याचं, जसंच्या तसं राहिलेलं. शेतकीची पदवी घेऊन चोविसाव्या वर्षी ते स्कॉटलंडला गेले, तिथल्या एका कॅसलच्या बागेत माळी म्हणून लागले आणि अडतीस वर्षं तिथेच राहिले. बायको जवळच्या गावात नर्स होती. निवृत्तीनंतरची आठ वर्षं ते त्याच गावात राहिले, आणि ती गेल्यावर सत्तराव्या वर्षी मुलीकडे कॅनबेराला आले. कॅसलचं नाव ते घेत नसत. नुसतं 'कॅसल' म्हणत, आपण 'घरी' म्हणतो तसं.

आमची ओळख एका चुकीतून झाली. आल्या आल्या त्यांनी घराच्या दक्षिण भिंतीला पीचची दोन झाडं लावली, फांद्या पंख्यासारख्या पसरून तारेला बांधली. कॅसलला उंच दगडी भिंतींनी वेढलेली एक मोठी बाग होती, आणि तिथल्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीवर, स्कॉटलंडच्या थंडीतसुद्धा, पीच पिकत. ती भिंत आतून पोकळ होती. जुन्या काळी तिच्यात विस्तव पेटवून दगड गरम ठेवत. काकांनी तिच्यातली काजळी बोटाने काढून पाहिली होती. इथे मात्र सूर्य उत्तरेकडून जातो. त्यांच्या त्या भिंतीवर जुलैत किती ऊन पडतं हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं: शून्य मिनिटं. दुपारी बारा वाजेपर्यंत तिथलं दव गोठलेलंच असे. एक दिवस न राहवून मी कुंपणावरून सांगितलं.

ते बराच वेळ सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. मग हसायला लागले. "अडतीस वर्षं माळी होतो, मिसेस साठे. हे कोणाला सांगू नका."

मी सांगितलं की आम्हीही पुण्याच्या हिशेबाने दक्षिणेला मोठ्या खिडक्या आहेत म्हणून हे घर घेतलं, आणि दर हिवाळ्यात हीटरच्या बिलातून त्याची किंमत मोजतो आहोत. तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांच्याबरोबर बॅकयार्डमध्ये फिरणं म्हणजे कॅसलला जाणं. जागा पंधरा मीटर बाय बारा. तेवढ्यात ते सगळी इस्टेट बसवत. कपडे वाळत घालायच्या खांबापाशी लिंडनच्या झाडांचा दुहेरी रस्ता सुरू होई, कचऱ्याच्या डब्यांपाशी कबुतरांचा गोल दगडी मनोरा, गॅरेजच्या मागे टेकडीत खणलेलं बर्फघर, जिथे हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून पेंढ्यात पुरत आणि उन्हाळ्यात काढत. त्यांच्या काळात तिथे फक्त वटवाघळं होती. माझी मुलगी इरा तेव्हा बारा वर्षांची. तिला सगळ्यात आवडला तो 'हा-हा'. कॅसलच्या हिरवळीच्या टोकाला एक खंदक होता, त्याची आतली बाजू दगडी भिंतीची. खिडकीतून बघणाऱ्याला तो दिसतच नसे. हिरवळ थेट कुरणात मिसळल्यासारखी वाटे, पण कुरणातली मेंढरं अलीकडे येऊ शकत नसत. न दिसणाऱ्या त्या कुंपणाचं नावच हा-हा.

"So it's like a prank on sheep," इरा म्हणाली.

"मेंढरांवर आणि मालकांवर, दोघांवर," काका म्हणाले. "मेंढरांना वाटतं पुढे जाता येईल, मालकांना वाटतं सगळं आपलंच आहे. माळ्याला तेवढं माहीत, भिंत कुठे आहे ते."

तर पत्रा पडल्यावर ते म्हणाले, पुन्हा पत्रा नको, यू लावू. यू म्हणजे गडद हिरवं, बारीक चपट्या पानांचं, फार सावकाश वाढणारं झाड. ओळीत लावून दरवर्षी कापत गेलं की त्याची भिंत होते. कॅसलला त्याची चारशे पावलं लांब, दोन माणसं उंच भिंत होती, कोणी लावली त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही इतकी जुनी. मी विचारलं, आपल्या रोपांची भिंत व्हायला किती वर्षं लागतील. म्हणाले, चांगली व्हायला वीस. त्यांचं वय तेव्हा बहात्तर. बेरीज माझ्या मनात झालीच, आणि ती त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसली.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "एका वादळात लिंडनची अकरा झाडं पडली, तेव्हा मी तिशीत होतो. त्या खड्ड्यांमध्ये मी अकरा लावली. बाकीच्यांच्या बरोबरीला यायला त्यांना शंभर वर्षं आहेत. तेव्हाही बेरीज बरोबरच होती."

मग त्या शनिवारी मी माझा निम्मा हिस्सा, तीनशे चौऱ्याहत्तर डॉलर, पाकिटात घालून नेला. पाकिटावर लिहिलं होतं: कुंपण, निम्मे. त्यांनी ते परत केलं.

"यूचं कुंपण पैसे देणाऱ्याचं नसतं, मिसेस साठे. दोरी धरणाऱ्याचं असतं. आपण अजून दोरी धरलेली नाही."

मुग्धा म्हणाली, "घे शुभा, ठेवून घे. बाबांशी वाद घालून मी दमले."

ती दोरी म्हणजे त्यांची इस्टेट. तागाची, तेलकट झालेली, दोन लोखंडी खुंट्यांवर गुंडाळलेली. निवृत्त होताना कॅसलच्या मुख्य माळ्याने दिलेली. या मुख्य माळ्याला ते 'हेड' म्हणत आणि त्यांचा उल्लेख आला की किंचित ताठ होत. सिडनीच्या विमानतळावर त्यांनी ती दोरी आपणहून जाहीर केली. ऑस्ट्रेलियात बाहेरची माती आणलेली चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी खुंट्या टूथब्रशने घासल्या होत्या आणि दोरी उकळली होती. अधिकाऱ्याने विचारलं, हिच्यावर माती आहे का. हे म्हणाले, अडतीस वर्षांची होती, परवा धुतली. मुग्धा बाहेर दीड तास थांबली होती.

कुंपण कापायच्या आधी दोन्ही टोकांना खुंट्या रोवून दोरी ताणायची आणि तिच्या रेषेत कापायचं. खाली रुंद, वर जरा निमुळतं, म्हणजे खालच्या फांद्यांनाही ऊन मिळतं. लांब कुंपणाला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. तो दोरी उचलून धरतो आणि एक डोळा मिटून सांगतो, कुठे फुगलंय, कुठे खचलंय. ते टोक कोणालाही देत नसत. काकांना चौथ्या वर्षी मिळालं. त्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली.

चौथ्या हिवाळ्यात काचघराच्या झडपा बंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. एका संध्याकाळी ते विसरले. गोठवणारी थंडी पडली आणि कॅमेलियाची चाळीस झाडं गेली. कॅसलमध्ये रोजवही असे: हवा, काम, नुकसान. काकांनी सकाळी वही उघडली, तेव्हा हेडनी आधीच लिहून ठेवलं होतं. थंडी. कॅमेलिया, चाळीस, गेल्या. एवढंच. वहीचा नियमच तो: नुकसान लिहायचं, कारण लिहायचं, माणसाचं नाव लिहायचं नाही. हेड काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी यूच्या कुंपणापाशी गेल्यावर त्यांनी दोरीचं दुसरं टोक काकांच्या हातात दिलं.

"ते रागावले असते तर मी नोकरी सोडून पुण्याला गेलो असतो," काका म्हणाले. "मग पुण्यात काय केलं असतं कोण जाणे."

मी म्हटलं, नाव न लिहिणं मला पटत नाही. जबाबदारी कोणाची हे कळलं नाही तर चूक पुन्हा होते.

"ज्याची असते त्याला कळलेलंच असतं," ते म्हणाले आणि चहाचा कप मला दिला.

पहिली दोन वर्षं, मार्चमध्ये कुंपण कापायच्या वेळी, मी दोरी धरायची तयारी दाखवली. रोपं माझ्या गुडघ्याला लागत होती, कापायला फार नव्हतंच. काका म्हणाले, अजून नाही. दुखऱ्या कमरेने ते एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीकडे जात, वाकून बघत, परत येत. मी खिडकीतून मोजलं होतं: सव्वीस खेपा.

तिसऱ्या उन्हाळ्यात, दहा जानेवारीला, ते अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटल आणि नंतरचं रिहॅब धरून एक्कावन्न दिवस. पहिल्याच भेटीत त्यांनी यूंची चौकशी केली. तोवर ती माझ्या कमरेपर्यंत आली होती. मी म्हटलं, पाणी मी बघते, फक्त सांगा किती लिटर.

"लिटर नाही. मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं तर द्या."

"म्हणजे अंदाजे किती?"

"मिसेस साठे, बोट."

मला बोटावर काम सोडणं जमलं नाही. जानेवारी तापलेला होता आणि माझ्या हातून ती रोपं वाळली तर, ही एकच भीती मला होती. मी ठिबकाची नळी आणली, बावीस तोंडं लावली, टायमर बसवला. सकाळी दोन लिटर, संध्याकाळी दोन. वहीत रोज खूण केली. फेब्रुवारीत नऊ दिवस पाऊस पडला. टायमर चालूच होता. मी बंद केला नाही, कारण ठरवलेल्या वेळापत्रकात खाडा होऊ नये असं मला वाटलं. हे वाक्य मी आज जसं होतं तसं लिहिते आहे. आमच्याकडची जमीन चिकणमातीची आहे. यूसाठी खणलेला चर म्हणजे त्या मातीत केलेली एक लांब बादली. बावीस रोपं, रोज चार लिटर, एक्कावन्न दिवस: चार हजार चारशे अठ्ठ्याऐंशी लिटर, शिवाय पाऊस.

दोन मार्चला ते घरी आले. वॉकर घेऊन आधी यूंपाशी गेले. रोपं हिरवीगार होती. मी बाजूला उभी, शाबासकीची वाट बघत. त्यांनी वॉकरला धरून, फार सावकाश, एका हाताने वाकून मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत. मग दुसऱ्या रोपापाशी, मग पाचव्या. प्रत्येक वेळी बोट नाकाशी नेलं. मला वाटलं, तपासणी चालली आहे, आणि मनात म्हटलं, बघू देत, नोंद चोख आहे.

ते सरळ झाले. रुमालाने बोट पुसलं. "खूप मेहनत घेतलीत," म्हणाले. "आता नळी काढून टाका. थंडी येईल."

अठ्ठावीस मार्चला त्यांनी मला हाक मारली. खुंट्या रोवलेल्या होत्या. वॉकर बाजूला, हातात कात्री, आणि दोरीचं दुसरं टोक माझ्यासाठी जमिनीवर ठेवलेलं.

"या," ते म्हणाले. "आता आपली वेळ झाली."

मी ऑफिसला निघाले होते. बॅग पायरीवर ठेवली आणि गेले. त्यांनी मला एक डोळा मिटायला शिकवलं. दोरी किती ताणायची, हात कुठे टेकवायचा, फुगवटा कुठे दिसतो, खोटा फुगवटा कोणता. अकरा मीटरला दोन तास लागले. खरं तर वीस मिनिटांचं काम होतं. दर रोपापाशी ते थांबत आणि मला विचारत, काय दिसतं. मी सांगे. "आय," ते म्हणत. स्कॉटलंडहून आणलेला त्यांचा 'हो'. एकदा मी चुकले तेव्हा म्हणाले, "पुन्हा बघा. घाई नाही. हेडनी मला अख्खा दिवस दिला होता." पुढे ओळीने बावीसच्या बावीस रोपं एका रेषेत उभी राहिली. मागे वळून त्यांनी कुंपणाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग दोरी गुंडाळली, एक खुंटी आपल्याकडे ठेवली आणि दुसरी मला दिली.

"धुऊन ठेवा. तेल लावा. गंजू देऊ नका."

मी त्या दिवशी कामावर पोचल्यावर सगळ्यांना सांगितलं की मला दोरी मिळाली. कोणाला काही कळलं नाही, पण 'गुड ऑन यू' म्हणाले सगळे.

मे महिन्यात यूंचा रंग उतरला, तपकिरी झाक आली. मी घाबरून विचारलं. काका खिडकीशी पांघरूण घेऊन बसले होते. म्हणाले, थंडीत असंच होतं, काळजी करू नका. मी इंटरनेटवर पाहिलं. थंडीत काही यूंना तशी झाक येते, हे खरं होतं. जुलैत, सकाळी उणे पाच असताना, ते झोपेतच गेले. पंचाहत्तर पुरी झाली होती.

सप्टेंबरमध्ये रस्त्यावरच्या सगळ्या झाडांना पालवी आली. आमची बावीस वाळून तांबडी पडली. मी एक उपटलं. काही जोर लावावा लागला नाही. मूळ काळं होतं, बोटात चुरलं, आणि जो वास आला तो त्यांनी मार्चमध्ये बोटावर घेतलेला वास असणार, हे मला तिथेच, गुडघ्यावर बसलेली असताना, कळलं.

तरी मी मुग्धाला विचारलं, काकांना कळलं होतं का. ती आत गेली आणि त्यांची रोजवही घेऊन आली. कॅनबेराला आल्यापासूनही ते लिहीत होते, इंग्रजीत, रोज तीन ओळी. दोन मार्चची नोंद तिने उघडून दिली. हवा: ऊन, वारा नाही. काम: काही नाही. तिसरी ओळ: यू, बावीस, गेले. पाणी.

त्याच्यापुढे काही नव्हतं. मी पान उलटलं. अठ्ठावीस मार्च. हवा: स्वच्छ. काम: कुंपण कापलं, मिसेस साठे दुसऱ्या टोकाला. नजर चांगली.

मी पर्समधून पेन काढलं. दोन मार्चच्या ओळीपुढे जागा होती. अपूर्ण नोंद मला बघवत नाही. सव्वीस वर्षं मी तेच काम केलं आहे. मुग्धाने वहीवर हात ठेवला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली." ती रडत होती, पण आवाज सरळ होता. "शुभा, त्यांनी नाही लिहिलं ना. मग तूही नको लिहू."

मी पेन परत ठेवलं. घरी येऊन माझी पाण्याची वही काढली. एक्कावन्न दिवस, एकशे दोन खुणा, एकही चुकलेली नाही.

मला वारंवार आठवतो तो मेलेल्या झाडांच्या रांगेपलीकडे, वॉकर सोडून, एका पायावर भार देऊन उभा असलेला म्हातारा. सकाळचं ऊन, उत्तरेकडून, त्याच्या कानांवर पडलेलं. एक डोळा मिटून तो दोरीवरून माझ्याकडे बघतो आहे आणि विचारतो आहे, काय दिसतं, मिसेस साठे. आणि मी सांगते आहे, सगळं सरळ आहे काका.

पुढच्या एप्रिलमधला शेवटचा शनिवार. हजर दोघी: मुग्धा आणि मी. मी आधी दोन दिवस चर खोल खणून, पाणी निचरायला खाली खडी भरली होती. बावीस रोपं, आता प्रत्येकी एक्केचाळीस डॉलर, एकूण नऊशे दोन. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ठिबकची नळी हवी का, सध्या सेल आहे. मी नको म्हटलं. मुग्धाने निम्मे देऊ केले. तिला सांगितलं, तू अजून दोरी धरलेली नाहीस. सगळे नऊशे दोन मी नर्सरीला दिले: पाचशे अठ्ठावीस कार्डाने, आणि तीनशे चौऱ्याहत्तर रोख, 'कुंपण, निम्मे' लिहिलेल्या पाकिटातून.